मधल्या फळीतले शब्द

खानदेशातल्या मुलांना इंग्रजी येत नाही, ही तक्रार जळगाव-धुळ्यातच सगळ्यांत मोठ्या आवाजात ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. रावेर-सावद्याकडच्या एखाद्या केळीच्या बागेत तासभर उभे राहून पाहावे. टिश्यू कल्चर, ग्रँड नैन, ड्रिप, लॅटरल, फर्टिगेशन, मल्चिंग, स्कर्टिंग बॅग, सिगाटोका हे शब्द चौथीत शाळा सुटलेला माणूसही न अडखळता बोलतो. फळपीक विम्याची गोष्ट निघाली की ‘यंदा ट्रिगर लागला का’ असे तो विचारतो, आणि तापमान किती अंशांवर किती दिवस राहिले म्हणजे ट्रिगर लागतो हेही सांगतो. कापसाच्या दिवसांत जिनिंग, प्रेसिंग, मॉइश्चर आणि स्टेपल हे शब्द गावोगाव फिरतात. भुसावळात यार्ड, शंटिंग आणि लोको घराघरांत आहेत. जळगावच्या सराफ बाजारात हॉलमार्क कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इतके इंग्रजी शब्द रोज वापरणाऱ्या मुलखाला इंग्रजी येत नाही असे म्हणताना जरा थांबायला हवे.

पण याच माणसाच्या हातात कीटकनाशकाच्या डब्यासोबतचे इंग्रजी पत्रक, बँकेचे पत्र किंवा मुलाच्या कॉलेजची नियमावली द्या, तो दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत थांबतो. त्याचा पदवीधर मुलगाही बहुधा तिथेच थांबतो. थांबवणारे शब्द भारदस्त नसतात. डिस्पाइट, अनलेस, प्रोलाँग्ड, ॲडिक्वेट, टेंड, अझ्यूम, रिलक्टंट, ग्रॅज्युअली असे ते साधेसुधे, मध्यम उंचीचे शब्द असतात. क्रिकेटमध्ये सलामीवीर सगळ्यांना ठाऊक असतात, शेवटच्या षटकात षटकार मारणारा लक्षात राहतो, पण डाव सावरणाऱ्या मधल्या फळीची नावे कुणी पटकन सांगत नाही. इंग्रजी शब्दांचा हा संग्रह त्या मधल्या फळीचा आहे.

हे शब्दच का अडतात? ड्रिप हा शब्द आला तो नळीसकट आला. स्कर्टिंग बॅग घडावर चढवताना हाताने शिकली गेली. वस्तू समोर असली की शब्द विसरायचा म्हटले तरी विसरता येत नाही. डिस्पाइट मात्र बोट दाखवून शिकवता येत नाही. तो दोन गोष्टींमधले नाते सांगतो: पाऊस नव्हता, तरी पीक आले. अझ्यूम मनातल्या हालचालीचे नाव आहे, टेंड सवयीचे. असे शब्द बाजारात भेटत नाहीत, दुकानाच्या पाटीवर नसतात, मोबाइलच्या मेनूत क्वचित असतात. ते फक्त वाक्यात राहतात, आणि वाक्ये वाचणाऱ्यालाच भेटतात.

शाळेने हे काम करायला हवे होते. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, त्याआधी ते पाचवीपासून होते. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या मुलामुलींनी दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजीचा तास केला आहे. पण धड्याच्या शेवटी दिलेले शब्दार्थ त्या धड्यापुरते पाठ होतात, घटक चाचणीत उतरतात आणि सुटीत पुसले जातात. तोच शब्द पुढच्या वर्षीच्या पुस्तकात पुन्हा येईलच असे नाही, आणि आला तरी तो जुना ओळखीचा म्हणून कुणी भेट घालून देत नाही.

मधली फळी नेमकी कुठे सुरू होते, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडात एका माणसाला पडला होता. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणाधिकारी तेव्हा ढाक्यात होता. बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज जास्त आहे, आणि त्यांच्या वाचनमाला मात्र नको त्या शब्दांनी भरलेल्या आहेत, असे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने कोणते शब्द वरचेवर येतात ते मोजायला घेतले आणि नवे शब्द थोडे थोडे, पुरेशा अंतराने आणणारी वाचनपुस्तके तयार केली. 1935 साली त्याने परक्या विद्यार्थ्यांसाठी कोश काढला. त्यात सुमारे 24,000 नोंदी होत्या आणि त्या सगळ्या समजावून सांगायला अवघे 1,490 शब्द वापरले होते. 1953 मध्ये त्याची सुमारे 2,000 शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या जगात ती आजही पायाभूत मानली जाते.

हे 2,000 शब्द, त्यांच्या निरनिराळ्या रूपांसह, आले की साधारण इंग्रजी मजकुरातले शंभरातले ऐंशी शब्द ओळखीचे होतात. ऐंशी टक्के म्हणजे परीक्षेत विशेष प्रावीण्य, पण वाचनात ते नापासच. दहा शब्दांच्या ओळीत दोन अनोळखी राहतात, आणि वाक्याचा मुद्दा नेमका त्या दोघांच्या खिशात असतो. पुढे 2000 साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी शैक्षणिक लेखनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या 570 शब्दकुलांची यादी केली. विद्यापीठीय मजकुराचा आणखी दहावा हिस्सा तिने उलगडतो. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोश न उघडता वाचायचे तर आठ-नऊ हजार शब्दकुले लागतात, असा पॉल नेशन या त्यांच्याच देशातल्या अभ्यासकाचा हिशेब आहे. आम्ही शब्द निवडले ते पहिल्या दोन हजारांच्या पुढचे आणि सहा हजारांच्या अलीकडचे. युरोपीय मोजपट्टीत या टप्प्याला बी-वन, बी-टू म्हणतात.

निवड ही त्यातल्या त्यात सोपी गोष्ट होती. अर्थ काय द्यायचा, हा खरा पेच.

खानदेशातल्या मुलाला मराठी माध्यमात शिकूनही एक भाषा जास्तीची शिकावी लागते, हे पुण्या-मुंबईतल्या शब्दार्थ लिहिणाऱ्यांच्या गावीही नसते. घरी अहिराणी असते, यावल-रावेरकडे लेवा बोली किंवा तावडी, कुठे गुजरी, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी आणि भिली. ब्रिटिशकालीन भाषा-सर्वेक्षणात ग्रियर्सनने खानदेशीला मराठीच्या खंडात न बसवता 1907 साली भिल्ली भाषांच्या सोबत, नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात बसवले. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही आणि इथे तो मिटवायचाही नाही. 2011 च्या जनगणनेत खानदेशी ही आपली भाषा असल्याचे 18 लाखांहून अधिक लोकांनी सांगितले, एवढे नोंदवून पुढे जाऊ. अशा घरातले मूल शाळेत प्रमाण मराठी शिकते आणि तिच्या खांद्यावर उभे राहून इंग्रजीकडे हात नेते. त्याला सांगितले जाते: रिलक्टंट म्हणजे अनिच्छुक, अँबिग्युअस म्हणजे संदिग्ध, ॲडिक्वेट म्हणजे पर्याप्त. मूल इमानदारीने दोन्ही पाठ करते. झाले काय, तर एका अनोळखी शब्दाच्या जागी दोन अनोळखी शब्द झाले.

या संग्रहात रिलक्टंटसमोर ‘आढेवेढे घेणारा, करावे तर लागणार, पण मन घेत नाही असा’ असे लिहिले आहे. अँबिग्युअससमोर ‘ज्याचे दोन अर्थ निघतात आणि बोलणाऱ्याला कोणता म्हणायचा होता ते कळत नाही असे’. ॲडिक्वेटसमोर ‘पुरेसे, भागेल एवढे’. काही जाणकार मित्रांना हे अर्थ गावठी वाटले. त्यांना मी आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची आठवण करून दिली. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने आणि नातलगांनी उतरवून घेतलेली त्यांची गाणी 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली, आणि आता जळगावच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. जगण्या-मरण्याबद्दलचा विचार शेतातल्या आणि जात्यावरच्या बोलीत मावतो, तर ॲडिक्वेटचा अर्थ मावायला हरकत नसावी.

बोलीचा एक फायदा जाता जाता सांगतो. अहिराणीत ‘तो काय करी राहिना’ असे म्हणतात. चालू क्रियेसाठी असे वेगळे रूप तोंडात असलेल्या मुलाला इंग्रजीतला चालू काळ प्रमाण मराठीपेक्षा अहिराणीतून लवकर उमगतो. वर्गात ही चावी कुणी वापरताना मी फारसे पाहिलेले नाही.

आता थोडे अर्धवट ओळखीच्या शब्दांविषयी, कारण या संग्रहाचा मोठा भाग त्यांनी व्यापला आहे. मराठीने शेकडो इंग्रजी शब्द घेतले, पण घेताना बहुतेकांचा एकच अर्थ उचलला. ॲड्रेस म्हणजे पत्ता, एवढेच आपल्याला ठाऊक असते. मग एखाद्या नेत्याने सभा ॲड्रेस केली किंवा सरकारने पाणीप्रश्न ॲड्रेस केला, असे वाचले की गोंधळ उडतो. तिथे अर्थ ‘समोर उभे राहून बोलणे’ आणि ‘प्रश्नाला हात घालणे’ असा आहे. पेशंट म्हणजे रोगी, पण विशेषण झाला की धीराचा माणूस. फाइन म्हणजे दंड, ठीक, आणि बारीकही. यील्ड म्हणजे एकरी उतारा हे कापूसवाल्याला पक्के माहीत आहे, नमते घेणे हा त्याचा दुसरा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नाही. लोडशेडिंग तर आपल्या रात्री-अपरात्रीच्या पाणी भरण्यामुळे हाडीमासी मुरलेला शब्द. त्यातले शेड हे पत्र्याचे शेड नव्हे, ते झाडाने पाने गाळावीत तसे गाळणे आहे: विजेचा भार गाळून टाकणे. हे एकदा कळले की पाने, केस, अश्रू आणि रक्त यांच्यासोबत येणारा शेड सगळीकडे ओळखता येतो. नवा शब्द पाठ करण्यापेक्षा जुन्या शब्दाचे उरलेले अर्थ मिळवणे स्वस्त पडते. म्हणून असे शब्द संग्रहात आधी घेतले आहेत.

दुसरा स्वस्त मार्ग धातूंचा. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले त्यांना हृ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार कसे होतात ते आठवत असेल. उपसर्ग बदलला की अर्थ कूस बदलतो. इंग्रजीने लॅटिनकडून हेच तंत्र घेतले. ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. त्याच धातूचा अट्रॅक्ट, आपल्याकडे ओढणे. डिस्ट्रॅक्ट, भलतीकडे ओढणे. एक्स्ट्रॅक्ट, ओढून बाहेर काढणे. सबट्रॅक्ट, खालून ओढून घेणे, म्हणजेच वजा करणे. कॉन्ट्रॅक्ट, दोन्ही बाजूंना एकत्र ओढून बांधणे. सरकीपासून वेगळी केलेली रुई जिथे दाबून गाठी बांधतात, त्या कारखान्याच्या नावातले प्रेसिंग घ्या. कॉम्प्रेस म्हणजे चारी बाजूंनी दाबणे, गाठ बांधताना होते ते. सप्रेस म्हणजे दडपणे. डिप्रेस म्हणजे खाली दाबणे, मन खचवणे. इम्प्रेस म्हणजे मनावर ठसा उमटवणे. एक्स्प्रेस म्हणजे आतले दाबून बाहेर काढणे, व्यक्त करणे. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रान्सपोर्ट हा शब्द तिथे पानपट्टीवरही ऐकू येतो. त्यातला पोर्ट म्हणजे वाहून नेणे. इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट, पोर्टेबल ही त्याची भावंडे.

या मार्गाने फार पुढे मात्र जाऊ नये. धातू अर्थाची दिशा दाखवतो, अर्थ दाखवतोच असे नाही. वरवरच्या साम्याने फसवणारे शब्दही पुष्कळ आहेत. म्हणून धातू इथे फक्त जोडीला दिला आहे, त्यावर प्रकरणे रचलेली नाहीत.

धातूंचा विषय निघाला आणि धुळ्यात बसून राजवाड्यांचे नाव घेतले नाही, तर ते बरे दिसणार नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले. मराठी धातूंचा आणि नामांच्या व्युत्पत्तीचा त्यांनी मांडलेला पसारा पुढे त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने धुळ्याहूनच कोशरूपाने छापला. आपले लेखन मराठीतच करायचे, असा त्यांचा बाणा होता. पण याच राजवाड्यांनी तरुणपणी ‘भाषांतर’ नावाचे मासिक चालवले आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ला मराठीत आणले. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी टॉलस्टॉयचे कलेविषयीचे पुस्तक मराठीत दिले. सांगवीत जन्मलेले भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून धुळ्यासह अनेक गावांत शिकवत राहिले आणि कादंबऱ्या मराठीत लिहीत राहिले. परक्या भाषेतले वाचन घरच्या भाषेत उतरवत राहायचे, ही रीत खानदेशाला नवी नाही.

शब्दार्थांच्या पुस्तकांची परंपराही जुनी आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 ची. तो साहेबासाठी केलेला होता, पण एका शब्दासमोर एकच प्रतिशब्द ठेवून तो मोकळा होत नाही. कुणाच्या तोंडी, कशासंबंधी, कोणत्या म्हणीत, असे सगळे तो सांगत बसतो. त्यामुळे तो आजही वाचत बसावासा वाटतो. नंतर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी मराठी घरांच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाक्ये रचायला लावली. त्यांतल्या काही वाक्यांची चेष्टा झाली, पण शब्द वाक्यात घालून द्यायचा ही त्यांची मूळ कल्पना पक्की होती. वीरकरांची डिक्शनरी दप्तरात असण्याचा काळ तर अनेक वाचकांना आठवत असेल.

त्यानंतर घसरण झाली, असे मला वाटते. स्पर्धा परीक्षांच्या क्लासांनी जळगाव-धुळ्यातल्या अभ्यासिका भरल्या आणि शब्दसंग्रह म्हणजे समानार्थी, विरुद्धार्थी आणि ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’ यांच्या याद्या, असे समीकरण बसले. नॉर्मन लुइसचे 1949 सालचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे पुस्तक या मुलांच्या टेबलावर हमखास दिसते. पुस्तक उत्तम आहे, पण ते अमेरिकेतल्या, ज्यांची घरची भाषाच इंग्रजी आहे अशा वाचकांसाठी लिहिलेले होते. त्यांची मधली फळी आधीच भरलेली होती. आमच्या मुलाला तिकिटे जमवणाऱ्याला काय म्हणतात ते येते, पायाच्या डॉक्टरला काय म्हणतात तेही येते, आणि उताऱ्यात नेव्हर्दलेस आला की गाडी अडते. यात दोष मुलाचा नाही. परीक्षेत जे विचारतात ते तो पाठ करतो.

यादीतला शब्द एकटा असतो, वाक्यात मात्र तो सोबत्यांसह येतो. शब्दांच्या या संगतीबद्दल एक उदाहरण पुरे. आपण कडक चहा म्हणतो, कडक ऊन म्हणतो, कडक शिस्त म्हणतो, बँकेतून कोरी कडक नोट आणतो. इंग्रजीत चहा स्ट्राँग, ऊन हार्श, शिस्त स्ट्रिक्ट आणि नोट क्रिस्प. उलटही तसेच: त्यांचा हेवी शब्द पावसालाही चालतो, रहदारीलाही आणि नुकसानीलाही, आपण तिथे मुसळधार, दाट आणि मोठे म्हणतो. म्हणून प्रत्येक नोंदीत शब्दाचे नेहमीचे दोन-तीन सोबती दिले आहेत. शब्द त्यांच्यासकट पाठ करावा.

स्मरणाबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण जे आहे ते जुनेच आहे. हर्मान एबिंगहाउसने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सर्वांत जास्त विसरले जाते ते लगेचच्या तासांत आणि दिवसांत. उजळणी अंतराअंतराने केली की ती गळती कमी होते. एका रात्रीत शंभर शब्द घोकण्यापेक्षा रोज पाच घ्यावेत आणि जुने पाच पुन्हा पाहावेत.

उच्चार देवनागरीत दिले आहेत, ते कामचलाऊ समजावेत. ॲ आणि ऑ ही चिन्हे आपण इंग्रजीसाठीच घडवली, तरी सगळे साधत नाही. तारखेला डेट म्हणतात आणि कर्जालाही डेट. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, कानाला मात्र वेगळे लागतात. शिवाय कर्जाच्या डेटमध्ये एक मुका बी लपलेला असतो आणि पावतीच्या रिसीटमध्ये मुका पी. असे शब्द फोनवर एकदा ऐकून घ्यावेत.

संग्रह पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. नोंदी विषयवार लावल्या आहेत: शेती आणि पाणी, बाजार आणि पैसा, दवाखाना, कार्यालय आणि अर्ज, मन आणि स्वभाव, आणि शेवटी वाक्ये जोडणारे शब्द. शेवटचा विभाग सर्वांत लहान आहे आणि सर्वांत आधी करावा, कारण त्याच्याशिवाय बाकीचे विभाग वाक्यात बसत नाहीत. येत असलेल्या शब्दावर पेन्सिलीने खुशाल काट मारावी. प्रत्येक नोंदीखाली एक ओळ कोरी सोडली आहे. तिथे स्वतःचे वाक्य लिहावे, आणि ते आपल्या गावातले, आपल्या माणसांबद्दलचे असावे. छापलेले वाक्य उतरवून काढले तर ती ओळ वाया गेली असे समजावे.

कोर्ट-कचेरीचे आणि जमीन-महसुलाचे शब्द मुद्दाम वगळले आहेत. खरेदीखत, गहाणखत, वारसनोंद यांच्या इंग्रजी मसुद्यांतले शब्द दिसायला याच फळीतले वाटतात, पण तिथे एका शब्दाचा अर्थ निकालागणिक ठरतो आणि चुकीचा अर्थ एखाद्याला एकर-दोन एकरांना पडू शकतो. त्यासाठी वेगळे पुस्तक हवे, आणि ते वकिलाने लिहावे.